टीएसएचच्या आकड्यामागची भौतिकशास्त्रज्ञ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. त्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएच ६.८ आला असून त्यापुढे ‘मायक्रो आययू प्रति मिली’ असे एकक छापले आहे. रक्ताच्या एवढ्याशा नळीतून इतकी सूक्ष्म गोष्ट मोजतात तरी कशी? आमचे डॉक्टर म्हणाले की ही युक्ती मुळात एका भौतिकशास्त्रज्ञ बाईंची आहे. त्या कोण? — एक वाचक, दादर

उत्तर : टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक. त्याच्या ६.८ या आकड्याचा आपल्या प्रकृतीच्या दृष्टीने काय अर्थ घ्यायचा, हे आपले डॉक्टरच सांगू शकतील. तो आकडा मोजता येऊ लागला कसा, हे मात्र येथे सविस्तर सांगता येईल. डॉक्टरांनी ज्यांचा उल्लेख केला, त्या रोझलिन यालो. त्यांचा जन्म १९२१ साली न्यूयॉर्कमध्ये झाला, त्यांनी अणुभौतिकीत डॉक्टरेट मिळवली, वैद्यकाची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि तरीही १९७७ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या महिला होत्या. पहिल्या गर्टी कोरी, त्यांना ते १९४७ साली मिळाले होते.

त्यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी आधीची अडचण समजून घ्यावी लागते. एक मिलिलिटर रक्तद्रवात सर्व प्रथिने मिळून सुमारे ७० मिलिग्रॅम असतात, आणि त्याच एक मिलिलिटरमध्ये उपाशीपोटी असणारे इन्सुलिन एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असते. इतर प्रथिनांच्या या प्रचंड गर्दीतून एकच संप्रेरक वेगळे ओळखायचे आणि तेही मोजायचे, हे त्या काळच्या रासायनिक पद्धतींच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तातली साखर मोजता येत असे, परंतु त्याच्या रक्तात इन्सुलिन किती आहे, याबद्दल डॉक्टरांना अंदाजच बांधावा लागत असे.

यालो १९४७ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झाल्या. तेथे सफाई कामगाराची सामानाची खोली रिकामी करून त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. १९५० साली सॉलोमन बर्सन हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले आणि पुढची २२ वर्षे दोघांनी एकत्र काम केले. किरणोत्सारी आयोडीन वापरून थायरॉइडचे आणि रक्ताच्या आकारमानाचे अभ्यास केल्यावर ते इन्सुलिनकडे वळले. त्या वेळी असा एक तर्क मांडला गेला होता की, प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात शरीर इन्सुलिन फार लवकर मोडून टाकत असावे. हा तर्क पडताळण्यासाठी त्यांनी आयोडीन-१३१ चा अणू जोडलेले इन्सुलिन स्वयंसेवकांना टोचले आणि ते रक्तातून किती वेगाने नाहीसे होते, हे मोजत राहिले.

उत्तर अपेक्षेच्या नेमके उलटे आले. ज्यांनी पूर्वी इन्सुलिनची इंजेक्शने घेतली होती, त्यांच्या रक्तात ते लवकर संपण्याऐवजी जास्त वेळ टिकत होते. येथे एक बारकावा निर्णायक ठरला. त्या काळी स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांनाही उपचार म्हणून इन्सुलिन दिले जाई. त्यांना मधुमेह नव्हता, तरी त्यांच्याही रक्तात ते रेंगाळत होते. म्हणजे कारण मधुमेहात नसून आधी टोचलेल्या इन्सुलिनमध्ये होते. बाहेरून दिलेले इन्सुलिन गाईचे किंवा डुकराचे असे. शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार केली होती आणि ती प्रतिपिंडे इन्सुलिनला धरून ठेवत होती.

इन्सुलिनसारख्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हे तेव्हाच्या तज्ज्ञांना मुळीच मान्य नव्हते. एका नामांकित नियतकालिकाने हा शोधनिबंध परत पाठवला. दुसऱ्यानेही आधी नकार दिला आणि शीर्षकातून ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढल्यावरच तो १९५६ मध्ये छापला. नकाराचे ते पत्र यालोंनी जपून ठेवले आणि २१ वर्षांनी नोबेल व्याख्यानात सर्वांसमोर मांडले. त्यात कोणाला कडवटपणा दिसेल, परंतु मला तो पुराव्याविषयीचा रास्त आग्रह वाटतो, कारण त्यांच्याकडे मोजमापे होती आणि समोरच्यांकडे केवळ समजूत होती.

प्रतिपिंड इन्सुलिनला नेमके धरते, हे कळल्यावर त्यांनी प्रश्न उलटा फिरवला : मग या पकडीचाच उपयोग इन्सुलिन मोजण्यासाठी का करू नये? पद्धत अशी आहे. गिनीपिगमध्ये तयार केलेली प्रतिपिंडे परीक्षानळीत ठरावीक, अपुऱ्या प्रमाणात घ्यायची. त्यात किरणोत्सारी इन्सुलिन ठरावीक प्रमाणात घालायचे आणि मग रुग्णाच्या रक्ताचे सॅम्पल मिसळायचे. लोकलच्या डब्यात जागा मोजक्या असाव्यात, भगवी टोपी घातलेले प्रवासी ठरलेल्या संख्येने असावेत आणि त्यांच्याबरोबर बिनटोपीचेही चढावेत, तसा हा प्रकार आहे. बिनटोपीचे जितके जास्त, तितक्या कमी भगव्या टोप्या बसलेल्या दिसतील. म्हणून बसलेल्या टोप्या मोजल्या की बिनटोपीचे किती चढले, ते कळते. येथे टोपी म्हणजे आयोडीनचा किरणोत्सारी अणू आणि बिनटोपीचा प्रवासी म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातले इन्सुलिन. ज्ञात प्रमाणाची सॅम्पल्स आधी तपासून आलेख काढून ठेवायचा आणि रुग्णाच्या सॅम्पलची संख्या त्या आलेखावर शोधायची.

पकडलेले आणि मोकळे इन्सुलिन वेगळे करण्याची त्यांची मूळ रीत मला फार देखणी वाटते. कागदाच्या लांब पट्टीवर थेंब ठेवून विद्युतप्रवाह सोडला की मोकळे इन्सुलिन थेंब ठेवला तेथेच कागदाला चिकटून राहते, तर प्रतिपिंडाने धरलेले इन्सुलिन त्याच्याबरोबर पुढे सरकते. मग पट्टीच्या दोन्ही भागांतला किरणोत्सार मोजायचा. मानवी रक्तातले इन्सुलिन या पद्धतीने मोजल्याचे त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. हीच रेडिओइम्युनोअ‍ॅसे, म्हणजेच प्रयोगशाळांच्या बोलीतली आरआयए.

पहिला धक्का मधुमेहाच्या शास्त्रालाच बसला. प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी तर नव्हतेच, उलट पुष्कळदा निरोगी माणसापेक्षा जास्त होते. इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. आज कोणताही डॉक्टर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ हा शब्द वापरतो, तेव्हा त्यामागे हे मोजमाप उभे असते. पुढे वाढीचे संप्रेरक, टीएसएच, हृदयविकारावरील डिगॉक्सिन या औषधाची रक्तातील पातळी, रक्तपेढीतल्या रक्तातील हिपॅटायटिस बी विषाणूचे अंश अशा असंख्य गोष्टी याच तत्त्वाने मोजल्या जाऊ लागल्या. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून जन्मजात थायरॉइडचा दोष ओळखता येऊ लागला. तो वेळेत ओळखून गोळी सुरू केली, तर त्या दोषापायी येणारे मतिमंदत्व टळते. ज्या पद्धतीने पुढे मोठा पैसा मिळू शकला असता, तिचे पेटंट यालो-बर्सन यांनी घेतले नाही. उलट ती शिकायला येणाऱ्यांना त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत ती मनापासून शिकवली.

प्रश्न : थायरॉइडच्या तपासणीत किरणोत्सारी आयोडीन वापरतात, असे वाचल्यापासून माझ्या आईने रक्त द्यायलाच नकार दिला आहे. या तपासणीमुळे शरीरात किरणोत्सार जातो का? आणि मुंबईत अजूनही हीच पद्धत आहे का? — एक वाचक, परळ

उत्तर : आपल्या आईंना निश्चिंत राहण्यास सांगा. रक्ताच्या तपासणीत किरणोत्सारी पदार्थ शरीरात मुळीच जात नाही. तो सुईतून बाहेर आलेल्या रक्तात, परीक्षानळीत मिसळला जातो, आणि रुग्ण तोवर घरी पोहोचलेला असतो. यालोंच्या पद्धतीचा हा मोठाच गुण होता. थायरॉइडचा स्कॅन किंवा किरणोत्सारी आयोडीनचा उपचार यांत मात्र तो पदार्थ खरोखर शरीरात दिला जातो; बहुधा या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने ही भीती निर्माण झाली असावी.

या विषयाचे मुंबईशी जुने नाते आहे आणि ते आपल्याच परिसरात आहे. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) अणुभट्ट्यांत किरणोत्सारी समस्थानिके तयार होऊ लागल्यावर त्यांचा वैद्यकीय उपयोग करण्यासाठी १९६३ साली परळला, टाटा मेमोरियलच्या आवारातील इमारतीत, भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. आरआयएच्या भारतीय कामात या केंद्राचा वाटा मोठा आहे. नंतर १९८९ साली स्थापन झालेल्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून थायरॉइडच्या संप्रेरकांचे आरआयए संच देशभरातल्या प्रयोगशाळांना जाऊ लागले. त्यांत आयोडीन-१२५ असते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, सुमारे ६० दिवस असल्यामुळे हे संच कपाटात वर्षभर साठवून ठेवता येत नाहीत, ही त्या पद्धतीची एक मोठी व्यावहारिक अडचण.

आज बहुतेक खासगी लॅबमध्ये किरणोत्साराऐवजी प्रकाश मोजतात. रिपोर्टवर तपासणीची पद्धत म्हणून ‘सीएलआयए’ असे छापलेले असते, ते त्यामुळेच. टीएसएचसाठी आता एकाऐवजी दोन प्रतिपिंडे वापरून संप्रेरकाला दोन्ही बाजूंनी धरतात, त्यामुळे त्यात जागेसाठीची स्पर्धा उरलेली नाही. टी३ आणि टी४ या थायरॉइडच्या संप्रेरकांसारखे लहान रेणू मात्र अजूनही मूळ स्पर्धेच्या तत्त्वानेच मोजले जातात. प्रतिपिंडाच्या अचूक पकडीवर भरवसा ठेवायचा आणि खुणेचा कण मोजायचा, हा यालो-बर्सन यांचा गाभा दोन्हींत कायम आहे.

जाता जाता एक उपयोगाची सूचना. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल, तर ते लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. आजच्या अनेक यंत्रांत बायोटिनचाच उपयोग प्रतिपिंडे पकडून ठेवण्यासाठी केलेला असतो. त्यामुळे रक्तातले जादा बायोटिन त्यात ढवळाढवळ करते आणि टीएसएच खोटा कमी, तर टी४ खोटा जास्त दिसू शकतो. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ही गोळी बंद ठेवण्याचा सल्ला साधारणतः दिला जातो.

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत आहे. मला वैद्यकीय संशोधनात जायचे आहे, पण घरचे म्हणतात की त्यासाठी डॉक्टरच व्हावे लागते. हे खरे आहे का? — एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : हे खरे नाही, आणि वरच्या दोन उत्तरांचा विषय असलेल्या यालो हेच त्याचे सर्वांत ठोस उदाहरण आहे. त्यांच्या आईवडिलांचे शालेय शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. १९४१ साली त्यांनी पदवी घेतली; त्या सुमारास पुढील शिक्षणासाठी साहाय्य मागितले, तेव्हा एका विद्यापीठाने त्या न्यूयॉर्कच्या, ज्यू आणि स्त्री असल्याचे कारण पुढे करून, नंतर नोकरी मिळण्याची हमी कोणी देत असेल तरच घेऊ, असे कळवले. एका संशोधकाची सचिव झाल्यास त्यायोगे काही वर्गांना बसता येईल, या आशेने त्या लघुलेखनही शिकू लागल्या होत्या. युद्धामुळे पुरुष विद्यार्थी कमी झाले आणि इलिनॉय विद्यापीठाने त्यांना घेतले. तेथे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सुमारे ४०० अध्यापकांत त्या एकट्याच स्त्री होत्या. पहिल्या सत्रात सर्व विषयांत ‘ए’ आणि प्रकाशशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ‘ए उणे’ मिळाला, तेव्हा विभागप्रमुखांनी त्यावरून निष्कर्ष काढला तो, स्त्रियांना प्रयोगशाळेचे काम जमत नाही, असा. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर प्रयोगशाळेतच काम केले.

आपल्या घरच्यांना एक गोष्ट जरूर सांगा. यालोंनी वैद्यक शिकून घेतले, पण ते सहकाऱ्याकडून. त्यांनी बर्सन यांना भौतिकी आणि गणित शिकवले, बर्सननी त्यांना शरीरक्रिया आणि औषधशास्त्र शिकवले. १९७२ साली बर्सन अचानक वारले, तेव्हा या जोडीतली बुद्धी बर्सन यांचीच होती, असे म्हणणारे कमी नव्हते. यालोंनी प्रयोगशाळेला बर्सन यांचे नाव दिले, म्हणजे तेथून निघणाऱ्या प्रत्येक निबंधावर ते राहील, आणि स्वतः संशोधन चालू ठेवले. हे मला त्यांच्या नोबेलइतकेच मोलाचे वाटते.

आपल्यासाठी मुंबईतच एक सरळ वाट आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्र अणुशक्तीनगर येथे रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम चालवते. कर्करोग रुग्णालयांत रुग्णाला किरणांची किती मात्रा द्यायची, हे गणित करणारे आणि यंत्रांची सुरक्षितता पाहणारे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ त्यातून घडतात. प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेतील गुणांची अट असते. म्हणून जाहिरात निघताच ती नीट वाचा आणि आपले प्रात्यक्षिकांचे गुण आतापासूनच सांभाळा. संशोधनाकडेच ओढा असेल, तर रुग्णालयात काम करतानाच पीएच.डी.चा विषय शोधा. मोजता न येणारी कोणती गोष्ट तेथील डॉक्टरांना सतत अडवते, हे त्यांनाच विचारा.