सीडीच्या इमेज: माउंट कशाने करायच्या, बदल कशाने करायचे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरातल्या जुन्या सीड्यांच्या इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची फाइलच्या रूपातली प्रत, कोणीतरी काढून ठेवल्या आहेत. त्यात फोटोंची एक आयएसओ, लग्नाच्या व्हीसीडीची (व्हिडिओ सीडीची) बिन आणि क्यू अशी जोडी, भावगीतांच्या ऑडिओ सीडीची तशीच एक जोडी आणि नीरो या सीडी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरने बनवलेली एक एनआरजी आहे. ही सगळी इमेज फाइलींच्या प्रकारांची नावं. शिवाय विंडोजच्या सेटअपच्या आयएसओत ड्रायव्हर घालायचे आहेत. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे आणि हे सगळं करणारं एकच मोफत सॉफ्टवेअर हवं आहे.

एकच सॉफ्टवेअर शोधू नका, हे माझं पहिलं सांगणं. माउंट करणं म्हणजे फाइल खोट्या ड्राइव्हमध्ये घालून वाचणं. बदल करणं हे अगदी वेगळं काम आहे, आणि ही दोन्ही कामं करतो म्हणणारी बरीच सॉफ्टवेअर विकत घ्यावी लागतात. पॉवरआयएसओ आणि अल्ट्राआयएसओ विकत न घेता वापरली तर ३०० एमबीपेक्षा मोठी इमेज बनवता किंवा बदलता येत नाही. म्हणून लोक त्यांच्या क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रती, शोधत फिरतात. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. घरच्या फोटोंसाठी संगणकात अनोळखी माणसाचा प्रोग्राम ॲडमिनच्या हक्कांनी चालवायची काही गरज नाही.

साध्या आयएसओसाठी काहीच टाकायला नको. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय आतच आहे. फाइलवर डबल क्लिक करा, नवा ड्राइव्ह दिसेल. काम झालं की त्यावर राइट क्लिक करून इजेक्ट. राइट क्लिकला माउंट दिसत नसेल तर आयएसओचा ताबा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने घेतलेला असतो. 'ओपन विथ'मध्ये जाऊन विंडोज एक्सप्लोरर निवडा. माउंट करताना 'फाइल एनटीएफएस व्हॉल्यूमवर आहे का, कॉम्प्रेस केलेली तर नाही ना' अशा अर्थाची चूक आली, तर ती आयएसओ आतल्या डिस्कवरच्या साध्या फोल्डरमध्ये कॉपी करून पुन्हा प्रयत्न करा, बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

बिन-क्यू, एनआरजी, एमडीएफ-एमडीएस, सीसीडी हे इमेजचे बाकीचे प्रकार विंडोज स्वतःहून उघडत नाही. त्यासाठी मी विनसीडीइम्यू सुचवीन. मुक्तस्रोत आहे, छोटं आहे, जाहिराती नाहीत, आणि इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्तीही मिळते. व्हर्च्युअल क्लोनड्राइव्हही मोफत आणि भरवशाचं आहे, पण एनआरजीसाठी विनसीडीइम्यूच घ्या. डीमन टूल्स लाइट फार प्रसिद्ध असलं तरी मोफत आवृत्तीत जाहिराती येतात आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही. नुसत्या आतल्या फाइली बाहेर काढायच्या असतील तर माउंटसुद्धा करू नका. सेव्हन-झिप या झिप फाइली उघडणाऱ्या मोफत प्रोग्रामने आयएसओ झिप फाइलसारखी उघडते. मात्र सेव्हन-झिप आयएसओत काही लिहीत नाही, फक्त वाचते.

आता फाइलच्या आत काय आहे ते बघू. निम्मे घोटाळे फाइलच्या नावाच्या शेपटीवर विश्वास ठेवल्यामुळे होतात. सीडीचा एक सेक्टर, म्हणजे एक कप्पा, मुळात २३५२ बाइटचा असतो. डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट आपल्या फाइलींचे, बाकीचे खुणेचे आणि चूक दुरुस्त करण्याचे. आयएसओत फक्त ते २०४८ उतरतात, बिनमध्ये सहसा सगळे २३५२. म्हणून फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला बाइटचा नेमका आकडा घ्या आणि भागून बघा. २०४८ ने निःशेष भाग गेला तर बहुधा आयएसओ, २३५२ ने गेला तर कच्ची इमेज.

आणखी पक्कं करायचं असेल तर एचएक्सडी नावाच्या मोफत हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फाइल उघडा. आयएसओचे पहिले १६ सेक्टर राखीव असतात, त्यामुळे ३२,७६९ या ऑफसेटला, म्हणजे सुरुवातीपासून तेवढ्या बाइटनंतर (दशमान पद्धत निवडा), उजवीकडच्या रकान्यात 'सीडी००१' ही पाच इंग्रजी अक्षरं स्पष्ट दिसतात. कच्च्या डेटा इमेजची सुरुवातच वेगळी असते: एक शून्य बाइट, मग दहा वेळा एफएफ, मग पुन्हा शून्य. या दोन्ही खुणा नसतील तर ऑडिओ असू शकतो, किंवा कोणीतरी फाइलचं नाव भलतंच ठेवलं आहे.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण तुमची लग्नाची व्हीसीडी. व्हीसीडीतला व्हिडिओ ज्या सेक्टरांत असतो त्यांत चूक दुरुस्तीची जागा कमी करून ती व्हिडिओला दिलेली असते. दर सेक्टरला २०४८ ऐवजी २३२४ बाइट. अशा सीडीची आयएसओ काढली तर दर सेक्टरचा एक तुकडा गळतो, आणि चित्र अडखळतं, चौकोन पडतात किंवा फाइल उघडतच नाही. लोक सीडीला दोष देतात आणि ती फेकून देतात! तुमच्याकडे बिन-क्यू आहे, म्हणजे ज्याने इमेज काढली त्याने बरोबर काढली आहे. ती जोडी आयएसओत बदलू नका. कितीही 'कन्व्हर्टर' दिसोत, ही एक फाइल सोडून द्या.

तिचं माउंटही करायला नको. व्हीसीडीगिअर नावाचा जुना मोफत प्रोग्राम आहे, त्याला क्यू फाइल दाखवा, तो आतून एमपीजी काढून देतो. पुन्हा एन्कोड करत नाही, त्यामुळे आहे ती प्रत जशीच्या तशी राहते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं, त्यात आणखी घट परवडणारी नाही. मूळ सीडी हाताशी असेल तर तिच्यातली व्हिडिओची मोठी डॅट फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये थेट चालते. नुसतं डॅटचं नाव बदलून एमपीजी केल्याने आतला साचा बदलत नाही, म्हणून काही प्लेअरमध्ये चालते आणि टीव्हीला लावली की रुसते. व्हीसीडीगिअर डॅटवरही चालतो.

क्यू ही साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत बिनचं नाव लिहिलेलं असतं. कोणी हौसेने बिनचं नाव बदलून 'दादाचं लग्न' केलं आणि क्यूमध्ये जुनंच राहिलं, तर कुठलंच सॉफ्टवेअर ती उघडणार नाही. नाव जुळवा, सेव्ह करा. क्यू हरवली असेल आणि सीडीत एकच डेटा ट्रॅक असेल तर तीन ओळींची क्यू हातानेही लिहिता येते. व्हीसीडीत आणि ऑडिओत मात्र प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो ते क्यूमध्येच असतं. म्हणून ती जपा.

भावगीतांच्या सीडीत फाइली नसतातच, नुसता ध्वनी असतो, सेकंदाला ७५ सेक्टर. त्याची आयएसओ होऊच शकत नाही. फूबार२००० या मोफत ऑडिओ प्लेअरमध्ये क्यू उघडा, गाणी सुटी दिसतील, तिथूनच फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता ध्वनी साठवणारा प्रकार) बदलून घ्या. मूळ सीडी आणि एखादा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रामने गाणी नव्याने काढा. चरे असलेल्या सीडीवर तो पुन्हा पुन्हा वाचून पडताळतो.

आता बदल करण्याकडे वळू. आयएसओ ही बांधणी झालेल्या पुस्तकासारखी असते. मध्ये पान घालायचं तर बांधणी उसवावी लागते. फाइली एकापाठोपाठ एक रचलेल्या आणि प्रत्येकीचा पत्ता सुरुवातीच्या यादीत कोरलेला. त्यामुळे 'एडिट' म्हणणारं जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर आतून नवी आयएसओच लिहितं. मोफतमध्ये हे काम नीट करणारं एनीबर्न आहे. त्यात इमेज उघडायची, फाइली घालायच्या-काढायच्या आणि नव्या नावाने सेव्ह करायची. मूळ फाइलवर कधीही लिहू नका. तुमची एनआरजी आयएसओत बदलायलाही हेच वापरा. ती फोटोंची डेटा सीडी असेल तर काही गळणार नाही.

पण फोटोंच्या आयएसओत नवे फोटो घालायचा बेत सोडा असं मी म्हणेन. वाढत जाणारा संग्रह आयएसओत ठेवण्यात काही अर्थ नाही. सगळं बाहेर काढून साध्या फोल्डरमध्ये ठेवा, मूळ आयएसओ शेजारी तशीच राहू द्या आणि दोन्हींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर.

तरीही नवी आयएसओ बनवायचीच असेल तर मराठी नावांकडे लक्ष द्या, याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. मूळ आयएसओ ९६६० मध्ये, म्हणजे सीडीवर फाइली रचायच्या जुन्या पद्धतीत, देवनागरी नावांना जागाच नाही. जोलिएट या जोडीच्या व्यवस्थेत नावं टिकतात, पण मर्यादा ६४ ची, आणि ती काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजून. 'पंच्याहत्तरी' हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा, संगणकाला बारा. 'आजीच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम' आणि पुढे गावाचं नाव, तारीख असं लिहिलं की ६४ सहज ओलांडतात आणि नाव कापलं जातं. इम्गबर्न या मोफत प्रोग्राममध्ये फोल्डरपासून इमेज बनवताना फाइल सिस्टिममध्ये (फाइली रचायच्या पद्धतीत) यूडीएफही निवडा, मग लांब नावं आणि ४ जीबीवरच्या फाइली दोन्ही निभावतात. इम्गबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे, पण या कामाला अजून चांगलं आहे. इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचा आणि सोबतीला येऊ पाहणारं काहीही नाकारा.

विंडोजच्या सेटअपचं म्हणाल तर ती आयएसओ उघडूच नका. पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (पेनड्राइव्हवरच्या आयएसओवरून संगणक सुरू करून देणारा प्रोग्राम) टाका, आयएसओ जशी आहे तशी त्यावर कॉपी करा आणि ड्रायव्हरचं फोल्डर शेजारी ठेवा. विंडोज कुठल्या डिस्कवर टाकायचं असं सेटअप विचारतो तिथे 'लोड ड्रायव्हर' म्हणून ते फोल्डर दाखवायचं. बूट होणारी आयएसओ बदलताना बूटचा भाग मोडला तर ते कळतं थेट रिकाम्या मशीनसमोर बसल्यावर, आणि तेव्हा हाताशी दुसरा संगणक नसतो. लिनक्सच्या आयएसओत हा धोका जास्त, कारण ती सीडी आणि पेनड्राइव्ह दोन्हींवरून चालावी अशी खास रचलेली असते. उबुंटू या लिनक्सची स्वतःची आवृत्ती करायची असेल तर क्युबिक हा प्रोग्राम वापरा.

लिनक्सवाल्यांना आयएसओ माउंट करायला वेगळं काही लागत नाही, बिन-क्यूसाठी सीडीइमू आहे. मॅकवर आयएसओ डबल क्लिकने उघडते.

एक सावधगिरी. डबल क्लिकने आयएसओ उघडते ही सोय फसवणाऱ्यांनीही भरपूर वापरली आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज जी धोक्याची खूण लावतं, ती आयएसओच्या आतल्या फाइलींपर्यंत पोहोचत नसे. नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने ते दुरुस्त केलं. ईमेलने 'बिल' किंवा 'कुरियरची पावती' म्हणून आयएसओ आली तर ती उघडायचीच नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवा.

काम सुरू करण्याआधी प्रत्येक इमेजवर राइट क्लिक करून सेव्हन-झिपच्या सीआरसी-एसएचए मेनूतून एसएचए-२५६ हा फाइलच्या ठशासारखा आकडा काढा आणि एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवा. पुढे प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली की तोच आकडा जुळतो का बघायचं. एखादी इमेज या सगळ्यातूनही उघडली नाही तर तिचा बाइटमधला आकार आणि क्यूमधला मजकूर इथे टाका, बघून सांगतो.