जंगल म्हणजे दाट झाडी, हे कोणी सांगितलं?

प्रश्न असा आहे : वन, अरण्य, रान आणि जंगल यांत नेमका फरक काय, आणि वृक्षारोपणाच्या पत्रकात 'ओसाड माळरानावर जंगल उभारू या' असं लिहिलेलं चालेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण दर जूनमध्ये ही पत्रकं वाचून डोकं फिरतं. नाही चालणार. ओस पडतं ते गाव, माणसं उठून गेली की. माळ ओस कसा पडेल? तिथे चंडोल आहेत, लांडगे आहेत, काळवीट आहेत, मेंढरं चारणारे धनगर आहेत. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी आणि नगरकडच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी राखून ठेवलेली जागा गवताळ माळाचीच. (तिलाही आपण 'अभयारण्य' म्हणतो, ते वेगळं.) अशा माळावर खड्डे खणून गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडं लावायची आणि त्याला पर्यावरणरक्षण म्हणायचं, म्हणजे गवतावर जगणाऱ्यांना हुसकावून लावणंच झालं.

आता शब्द. वन आणि अरण्य कोशात बघून घ्या, तिथे फार काही दडलेलं नाही. मजा आहे ती 'जंगल'मध्ये.

मूळ शब्द संस्कृत 'जांगल'. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, कल्पस्थान या भागात, देशाचे म्हणजे भूप्रदेशाचे तीन प्रकार सांगितलेत : जांगल, आनूप आणि साधारण. यातला दाट, ओला, नारळी-केळींनी गच्च भरलेला, तो आनूप. आणि जांगल? त्याचं पहिलंच विशेषण 'पर्याकाशभूयिष्ठ', चहूकडे आकाशच आकाश! पुढे खैर, धावडा, बोर, शमी, कोरडा वारा, खरखरीत वाळू आणि खडे, मृगजळ, लावे आणि तित्तिर. माणदेशात एप्रिलमधल्या दुपारी उभे राहा, वर्णन ताडून बघा. कोकण आनूप, माण-खटाव जांगल. जांगल मांस पचायला हलकं, असं वैद्य आजही सांगतात. ते मांस याच उघड्या मुलखातल्या हरणांचं आणि पाखरांचं.

महाभारतात कुरुजांगल हा प्रदेश येतो. बिकानेरकडच्या भागाचं जुनं नाव जांगळ देश, आणि तिथल्या राजांचं बिरुद 'जंगळधर बादशाह'. बिकानेरात कोणाला घनदाट झाडी सापडली तर मला जरूर कळवा.

काही शुद्धिवादी मंडळी 'जंगल फारसी आहे, वन म्हणा' असा आग्रह धरतात. फारसीत तो शब्द आहे, पण आपल्याकडूनच गेलेला. आपल्याच लेकीला परकी ठरवून दारातून परत पाठवण्यातला हा प्रकार.

मग अर्थ फिरला कुठे? इंग्रजांच्या तोंडी रुळलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा १८८६ चा कोश आहे, हॉब्सन-जॉब्सन. त्यानेच कबुली दिली आहे : देशी लोकांच्या तोंडी हा शब्द काटेकोरपणे पडीक, न कसलेल्या जमिनीसाठी होता, दाट रान हा अर्थ साहेबलोकांच्या वापरातला. आपण आपलाच शब्द त्यांच्याकडून गच्च झाडीचा करून परत घेतला, असं माझं ठाम मत आहे. एक मोठे कोशकार हा बदल आधीच देशी भाषांत झाला होता म्हणतात. म्हणोत. विदर्भातलं 'झुडपी जंगल' त्यांनी पाहिलेलं दिसत नाही.

हा महसुली कागदांतला जुना शब्द. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन. खुरटी झुडपं, मुरूम, गुरांची चराई. तलाठ्याच्या लेखी हलकी जमीन. पण चरकाच्या लेखी अस्सल जांगल! ही जमीन वन आहे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सांगितलं होतं की 'वन' या शब्दाचा कोशातला अर्थ धरा. (कोशवाल्यांना इतकी किंमत एरवी कोण देतं?) त्याच आधारावर मे २०२५ मध्ये झुडपी जंगलही वनच ठरलं.

उलट देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाची मोजणी बघा. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा आणि किमान १० टक्के वृक्षछत्र, की झालं वनाच्छादन. मालकी कोणाचीही, झाडं कोणतीही. म्हणजे देवगडची हापूसची बाग यात बसते आणि नान्नजचा माळ बसत नाही.

'रान' राहिलंच. अरण्य, रण्ण, रान, ही वाट सरळ आहे. गावात 'तो रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. इथेही झाडांचा संबंध नाही, गावाबाहेरचं एवढाच अर्थ. वेदात 'अरण' म्हणजे दूरचं, परकं, त्यातूनच अरण्य. म्हणून कच्छचं रणही मी याच कुळातलं मानतो. ते 'इरिण' म्हणजे खारपड जमीन यावरून आलं, असं सांगणारा मोठा पक्ष आहे. मिठाचे थर दिसले की मीठच आठवणार, त्याला इलाज नाही. पण इरिणमधला पहिला 'इ' गळाला आणि दुसऱ्याचा 'अ' झाला, हे दोन्ही बदल त्यांनी आधी दाखवून द्यावेत, मग बोलू.