कॉन्व्हेंट आणि संडे स्कूल, एवढ्यावर मुलं विश्वासात वाढतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन सांगलीला आलात, मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत, दोघंही कॉन्व्हेंटमध्ये आहेत आणि रविवारी संडे स्कूललाही, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गालाही, जातात. ख्रिस्ती विश्वासात वाढायला एवढं पुरे, की पाचगणीच्या बोर्डिंगचा विचार करावा?

थेट सांगते, पुरे नाही. त्यात शाळेचा दोष नाही आणि संडे स्कूलचाही नाही. मी मिरजेत आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल घेते, माझी दोन्ही पोरं त्याच वर्गातून गेली. त्यामुळे बाईंची बाजूही माहीत आहे आणि आईचीही.

आधी शाळेचं बघू. कॉन्व्हेंटला प्रवेश मिळाला की आपल्या लोकांना वाटतं, चला, अर्धं काम झालं. पण त्या वर्गात बहुतेक मुलं हिंदू, जैन, मुसलमान घरांतली असतात. घटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना शाळा काढायचा, चालवायचा हक्क दिलाय हे खरं. पण कलम २८ असंही सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही, आणि मूल लहान असेल तर संमती पालकांची लागते. मला तर हे योग्यच वाटतं. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी सकाळची प्रार्थना, मूल्यशिक्षणाचा तास आणि नाताळचा कार्यक्रम यापुढे गोष्ट जात नाही. काही कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलांसाठी कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, वेगळा तास असतो. तुमच्या शाळेत आहे का, विचारून घ्या. नसेल तर रुसू नका.

पूर्वी हे सगळं आपोआप जुळायचं. सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, सातारा-वाईकडे अमेरिकन मराठी मिशन. शाळा, बोर्डिंग, दवाखाना, चर्च, कामगारांच्या खोल्या, सगळं कंपाउंडात किंवा हाकेच्या अंतरावर. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. इथल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचा कोणी ना कोणी तिथे नर्स, कंपाउंडर किंवा वॉर्डबॉय होता. आठवडाभर गणित शिकवणारे मास्तरच रविवारी बायबलची गोष्ट सांगायचे आणि संध्याकाळी शेजारच्या ओट्यावर बसलेले असायचे. पोरानं खोटं बोललं तर तिन्हीकडे कळायचं! आज कोणी विश्रामबागला, कोणी कुपवाडला, कोणी थेट तासगाव रोडला. आता जुळवायचं म्हटलं तर कोणीतरी मुद्दाम जुळवावं लागतं.

आणि ते कोणीतरी म्हणजे तुम्हीच. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ही वचनं मुलांना शिकवायला सांगितलं आहे ते घरी बसता, वाटेनं चालता, निजता आणि उठता. हे आईबापांना आहे. तरुण शिष्य तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातही प्रेषित पौल आठवण काढतो ती आजी लोईस आणि आई युनीके यांची.

म्हणजे काय, तासभर कौटुंबिक प्रार्थना लावून पोरांना पेंगायला लावायचं का? मुळीच नाही. रात्री जेवणं झाली की एक गीत, पाच-दहा ओळी शास्त्र, आणि प्रत्येकानं एक वाक्याची प्रार्थना. उद्या पेपर आहे, आजीचे गुडघे दुखतात, अमक्याशी भांडण झालं, जे असेल ते. मुलांना खरं कळतं ते आपल्या प्रार्थनेतून. घरमालकाशी वाद झाला असताना बाबा त्याच्याबद्दल देवाजवळ काय बोलतात, हे पोरं कान देऊन ऐकतात.

इथे एक अडचण येते आणि तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा, इंग्रजी माध्यमाचा, तेविसावं स्तोत्र घडाघडा म्हणायचा. एकदा त्याला मोठ्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला उभं केलं, तर पुलपिटावरच्या मराठी बायबलात त्याला ते स्तोत्र सापडेना. पानं पुढे गेली, मागे आली, शेवटी पाळकसाहेबांनी बोट ठेवून दिलं. मग तो ‘परमेश्वर’पाशीच अडखळला, कारण म्हणायचं ते कानावरचं होतं, डोळ्यांखालून कधी गेलंच नव्हतं. अशी मुलं भिंतीवरच्या फळ्यावर गीतांचे आकडे लागले तरी शेजाऱ्याच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात बघतात. कंटाळलेली दिसतात, पण निम्म्या वेळा त्यांना वाचताच येत नसतं. तेव्हा घरचं वाचन मराठीतून करा, मुलांकडूनच करून घ्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं तर नक्की शिकवा. ते शेवटची वर्षं साताऱ्यात होते, १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी तिथेच सुरू केला. पेटी-तबल्यावर त्यांचं भजन लागलं की हातात टाळ दिलेलं पोरगं आपोआप जागं होतं.

आता मंडळीचं, आणि इथे मी आमच्याच लोकांवर रागावलेली आहे. बऱ्याच ठिकाणी संडे स्कूल मोठ्यांच्या उपासनेच्या वेळीच मागच्या खोलीत भरतं. सोय होते, गडबड होत नाही. पण मूल वर्षानुवर्षं आईबापांच्या शेजारी बाकावर बसतच नाही. मग दृढीकरण, म्हणजे मोठं झाल्यावर मंडळीत सभासद म्हणून घेण्याचा विधी, होतं, संडे स्कूल संपतं आणि त्या मोठ्या उपासनेत ते पाहुण्यासारखं येतं. त्यात नववी-दहावीच्या क्लासवाल्यांच्या टेस्ट नेमक्या रविवारी सकाळी! तुमची मुलगी आता आठवीत आहे, म्हणजे हे तुमच्या दाराशी आलंय. क्लास लावतानाच सरांना सांगा की रविवारी सकाळी ती येणार नाही. प्रवेशाच्या वेळी सांगितलं तर ऐकतात, नंतर नाही ऐकत. आणि पाळकसाहेबांना भेटून महिन्यातून एक रविवार तरी मुलांना मोठ्या उपासनेत घ्या म्हणावं. शास्त्रपाठ, अर्पण गोळा करणं, पेटीवर साथ, काहीही काम द्या. आम्ही दर रविवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशीची गोष्ट आणि सुवर्णवचन, म्हणजे पाठ करायचं बायबलचं वचन, टाकतो, त्यामुळे सोमवारी घरी बोलायला विषय मिळतो. तुमच्याकडे नसेल तर बाईंना सुचवा, नाही म्हणणार नाहीत.

डिसेंबरात कॅरलला, म्हणजे नाताळची गाणी म्हणत फिरायला, मात्र मुलांना पाठवाच, थंडी-बिंडी बघू नका. रात्री घरोघरी जाताना मंडळीतली घरं कळतात, करंज्या-चिवडा मिळतो, आणि आपल्यासारखे आणखी पुष्कळ आहेत हे शाळेत कळत नाही ते तिथे कळतं.

राहिलं पाचगणीचं. सेंट पीटर्स, किमिन्स, सेंट जोसेफ्स या जुन्या, ख्रिस्ती पायावरच्या शाळा आहेत, शिक्षणासाठी पाठवायचं असेल तर जरूर विचार करा. पण केवळ विश्वासासाठी पाठवत असाल तर माझ्या मते नको. कलम २८ तिथेही तेच आहे, आणि रात्रीच्या जेवणाला तुम्ही तिथे नसाल.