पानगळीआधी घराकडे एकदा बघा

थंड प्रदेशातला तुमचा हा पहिलाच शरद ऋतू, म्हणून सांगतो: आधी वर बघा, छपराच्या पन्हाळीकडे. ती पानांनी तुंबली की पाणी भिंतीत मुरतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे पुढे सांधेही उकलतात. बाहेरच्या नळाचं तेच. आतली चावी बंद करा, बाहेरचा नळ उघडून पाइप रिकामा होऊ द्या. पन्हाळ मात्र बहुतेक पानं गळल्यावरच साफ करा, नाहीतर तेच काम दोनदा. आणि शिडीवर चढताना खाली कुणीतरी हवंच.

खिडकीच्या चौकटीवरून ओला हात फिरवा, फट असेल तिथे गार झुळूक लगेच कळते. तिथे रबरी पट्टी लावा. धुराडं असेल तर शेकोटी पेटवण्याआधी साफ करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासा. या वायूला वास नसतो, इथे चालढकल नको.

अंगणातली सगळी पानं उचलायची हौस मला कधी कळली नाही. हिरवळीवरची काढा, झाडाबुडी राहू द्या. त्यांचं खतच होतं.

या गडबडीत रंग बघायचे राहू नयेत. दिवस लहान झाला की हरितद्रव्य विरतं आणि पानात आधीपासूनच असलेला पिवळा दिसू लागतो. लाल बहुधा नव्याने तयार होतो. लख्ख ऊन आणि गार, पण न गोठवणाऱ्या रात्री मिळाल्या की तो खुलतो. त्यासाठी लांब जाऊ नका. रोजचाच रस्ता उन्हं तिरपी असताना चाला, आणि दर आठवड्याला त्याच झाडापाशी थांबा.