हृदय तिचं, नवस तुमचा

प्रश्न : मुलगी अकरा महिन्यांची असताना तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, टेट्रॅलॉजी ऑफ फॅलॉट या जन्मजात हृदयदोषाचं. तेव्हाच बोललो होतो, पोर वाचली तर हार्ट सर्जन करीन. पीसीएमबी घेऊन बारावी झाली. नीटला दुसऱ्यांदा 431 आले. तिसऱ्यांदा बसवतोय, रोज चौदा तास अभ्यास आहे. तिला मात्र कॉम्प्युटरवर हृदयाच्या पॅचचं प्लॅनिंग करणारी इंजिनिअर व्हायचंय. सर्जनच्या हाताखालचं काम कशाला? तिची आई ब्लाऊज शिवते, तीही तिचीच बाजू घेते. – एक वडील, इस्लामपूर

उत्तर : ‘बोललो होतो’ हे तुमचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. लेकरू आत, आपण दाराबाहेर. अशा वेळी माणूस देवाला काहीही कबूल करतो. पण नवस बोललात तुम्ही आणि फेडायला बसवलंत तिला. जगल्याबद्दल ती कुणाचं देणं लागत नाही. स्पष्ट सांगते, तिसरी नीट तिच्यावर लादू नका.

आणि ‘हाताखालचं काम’? 1944 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये याच आजाराच्या बाळावर ‘ब्लू बेबी’ शस्त्रक्रिया झाली. तेव्हा सर्जन ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून व्हिव्हियन थॉमस त्यांना मार्गदर्शन करत होते. थॉमस डॉक्टर नव्हते, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ होते.

अरुंद रक्तवाहिनी रुंद करायला जो तुकडा शिवतात, तो पॅच. तो बेतणं नजरेच्या अंदाजावर सोडलं, तर कुठे अडतं ते बघा. टाके घालताना रक्तवाहिनी रिकामी, चपटी पडलेली असते. रक्त भरलं की फुगते. तुकडा मोठा झाला तर फुगवटा येतो, लहान झाला तर वाट अरुंदच राहते. म्हणून सीटी स्कॅनवरून त्याच बाळाच्या रक्तवाहिनीचं त्रिमिती मॉडेल करतात, हवा तो आकार देतात, त्यातून रक्त कसं वाहील ते गणिताने तपासतात आणि तो गोलवा सपाट उलगडून कापायचा नमुना काढतात. सपाट कापडातून कटोरी ब्लाऊजची कटोरी कशी येते, ते घरातच विचारा. कापड किती ताणतं यावर बेत बदलतो, तसंच इथे गाईच्या हृदयावरणाचा पॅच वेगळा, गोअर-टेक्स या कृत्रिम पदार्थाचा वेगळा. तिच्या आईला हे काम तुमच्याआधी कळलंय.

मार्ग साधा आहे : एमएचटी-सीईटी किंवा जेईई, पुढे गेटचा बायोमेडिकल पेपर आणि एमटेक. मात्र असं काम मोजक्याच ठिकाणी चालतं, म्हणून पदवी मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटरची घ्यावी, असं माझं मत.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळीच. लहानपणी हे ऑपरेशन झालेल्यांना हृदयाची तपासणी जन्मभर लागते, झडप पुढे गळू शकते, पॅच मुलासोबत वाढत नाही. तुमच्या पत्रात नीटचे गुण आहेत, अभ्यासाचे तास आहेत, शेवटचा इको कधी झाला ते नाही. आधी तिच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि हे चौदा तास त्यांना सांगा. कॉलेजचा फॉर्म त्यानंतर भरू.