ग्रुप मी काढला, म्हणून फोनही मीच द्यायचा?

प्रश्न: नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी क्वालिटीला आहे. तीन वर्षांपूर्वी शिफ्टचा व्हॉट्सॲप ग्रुप मी काढला. सुपरवायझरही त्यात आहेत. गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने त्यावर नव्या ग्राहकाच्या ड्रॉइंगचा फोटो टाकला. आता ग्रुपला बंदी आली आहे आणि ॲडमिन म्हणून मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. ‘मी स्वखुशीने मोबाइल तपासणीस देत आहे’ अशा कागदावर सही करून फोन अनलॉक करून द्यायला सांगितलंय. मुदत ४८ तास. काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, ग्रुपमधलं काहीही डिलीट करू नका. घाबरून ग्रुप उडवला की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप मागे लागतो.

आता तो कागद. फोन तुमच्या पैशाचा, सिम तुमचं. त्यात बँकेचे ओटीपी आहेत, घरातल्यांचे दवाखान्याचे रिपोर्ट असतील. तो जबरदस्तीने तपासायचा अधिकार खासगी कंपनीला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय अशा उपकरणातली माहिती काढता येत नाही. ‘स्वखुशीने’ हा शब्द कागदात आलाय तो त्यासाठीच. सही करू नका. (फोन कंपनीचा असता, तर माझं उत्तर वेगळं असतं.) खासगीपणाच्या हक्काचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निकाल तुम्हाला कुणीतरी सांगेलच, पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो, एचआरसमोर नुसत्या त्याच्या भरवशावर राहू नका.

कंपनीची भीती मात्र खरी आहे. ड्रॉइंग ग्राहकाचं असतं, गोपनीयतेचा करार झालेला असतो, फोटो बाहेर फिरला तर ऑर्डर जाते आणि शेवटी तुमचंच काम कमी होतं. गेटवर फोन जमा करा, कॅमेऱ्यावर स्टिकर लावा, असे नियम कंपनी करू शकते. ते पाळा.

नोटिशीचं उत्तर मुदतीतच द्या, आणि लेखी द्या. फोटो तुम्ही टाकलेला नाही, पुढे कुणाला पाठवलेला नाही, हे खरं असेल तर पहिल्याच ओळीत लिहा. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, संगनमत नसेल तर, ॲडमिनवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तुमची चौकशी खात्यांतर्गत आहे, त्यामुळे हा निकाल तिथे बंधनकारक ठरेलच असं नाही, तरी उल्लेख जरूर करा.

तुमची खरी ताकद वेगळीच आहे: सुपरवायझर त्या ग्रुपमध्ये होते. ‘उद्या सेकंडला या’, ‘रिजेक्शनचे फोटो टाका’ असे त्यांचे मेसेज असतील, तर तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. ज्या ग्रुपवर कंपनीने तीन वर्षं काम करवून घेतलं, तो चोरून चालवलेला होता, असं तिला आता म्हणता येणार नाही. मात्र ग्राहकाच्या ड्रॉइंगचा स्क्रीनशॉट चुकूनही काढू नका.

सहकार्य नाकारलं असंही दिसू नये. म्हणून लिहा: दोन साक्षीदारांसमोर, फोन माझ्या हातात ठेवून, फक्त हा ग्रुप दाखवायला मी तयार आहे. उत्तराच्या प्रतीवर पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

एवढ्यावरून, आरोपपत्र आणि चौकशीशिवाय, थेट काढून टाकलं तर नाशिकच्या कामगार न्यायालयात दाद मागता येईल. तुम्ही ‘कामगार’ ठरता का, हे पाहताना तिथे तुमचा हुद्दा काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय करता हे बघतात. तेव्हा नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा आत्ताच एका फाइलमध्ये लावून घरी ठेवा.