गावच्या मराठी शाळेचा इतिहास रजिस्टरापासूनच धरायचा का?

तुम्ही विचारलंय की गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेचं सर्वांत जुनं रजिस्टर १९६४चं आहे, तर शाळा तेव्हाच सुरू झाली असं लिहायचं का? माझं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. आमच्या शाळेच्या साठ वर्षांची पुस्तिका काढताना मीही याच पेचात पडले होते. माझं उत्तर, तसं लिहू नका.

आधी रजिस्टरचं पहिलं पान नीट बघा. आमच्या पहिल्या पानावर बारा वर्षांची एक मुलगी थेट तिसरीत दाखल झालेली दिसते. नव्या शाळेत एकदम तिसरी कशी? ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात निळ्या शाईने एकच शब्द लिहिलाय : खाजगी. ही खाजगी शाळा भरायची देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळेत. सारवलेली जमीन, एकच मास्तर आणि त्यांना पगारापोटी घराघरातून मापून दिलेलं भात. हे मला त्या मुलीनेच सांगितलं. आता त्या सत्तरीपार आहेत आणि तिथे शिकलेली पाऊणकी (पाऊणपटीचे पाढे) अजून घडाघडा म्हणतात!

पोर्तुगीज अमलात सरकारी इश्कोल, म्हणजे शाळा, बहुतेक पोर्तुगीज भाषेतली. मराठी शिकवायची सोय लोकांनी स्वतःच केली. पणजीच्या १९०८च्या मुष्टिफंड संस्थेचं नावच बघा, मूठमूठ जमवून उभी केलेली. १९१०मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची बंधनं सैल झाली आणि अशा शाळा उघडपणे वाढल्या. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. डिसेंबर १९६३मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या काळात खेडोपाडी सरकारी मराठी शाळा निघाल्या. रजिस्टरं बहुधा तिथून सुरू होतात. आमच्याकडे तर सुरुवातीची काही वर्षं वर्ग त्याच अग्रशाळेत भरत होते. बदलले ते फक्त मास्तर, तेही वेंगुर्ल्याकडून आलेले.

म्हणून देवस्थानच्या जुन्या हिशेबवह्या मागा, आणि म्हाताऱ्या बायकांना आवर्जून विचारा. कोणाच्या पडवीत शिकलो, हे त्यांना पक्कं आठवतं.

आणि रजिस्टरचे फोटो आजच काढून ठेवा. पट घटला की शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन होते. आमच्या पलीकडच्या वाड्यावरची अशीच गेली, रजिस्टर कुठे गेलं कोणालाच ठाऊक नाही. तिथल्या पहिल्या वर्गात कोण कोण बसलं होतं, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.